शंका, संशय आणि अर्धा सेकंद

मार्च २०२४ मध्ये आन्द्रेस फ्रॉइंड हा अभियंता आपल्या कामातल्या काही चाचण्या घेत होता. पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसच्या विकासकांपैकी तो एक, नोकरी मायक्रोसॉफ्टमध्ये. दूरच्या संगणकात प्रवेश मिळवण्यासाठी एसएसएच नावाची जी सोय आहे, तिला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे, असे त्याच्या ध्यानात आले. अर्ध्या सेकंदाने कोणाचे काही बिघडत नाही. पण त्याच्या मनात पाल चुकचुकली, आणि तो त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढत गेला. २९ मार्चला त्याने जगाला कळवले की एक्सझेड नावाच्या आज्ञावलीत कोणीतरी चोरदरवाजा बसवलेला आहे. एक्सझेडचे काम एरवी अगदी साधे : फायली आवळून लहान करायच्या.

या घटनेवर तंत्रज्ञांनी भरपूर लिहिले. आम्ही तंत्रज्ञ नव्हे. साहित्याचे वाचक आहोत. तरीही हे प्रकरण आम्हांला सोडवत नाही, कारण ते मुळात तंत्राचे नसून माणसांचे आहे. एकमेकांचे तोंड न पाहिलेली, वेतन न घेणारी, वेगवेगळ्या देशांत बसलेली माणसे एकत्र येऊन काहीतरी घडवतात. त्यांच्यात भांडणे होतात. त्यांना एकमेकांविषयी संशय येतो. मग ती काय करतात? या प्रश्नाला आता तीस वर्षांहून अधिक इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा लिखित स्वरूपात उपलब्ध आहे, कारण या मंडळींचे भांडणसुद्धा लेखी होते.

आरंभी दोन शब्दांचा विचार करू. ‘शंका’ आणि ‘संशय’ हे शब्द मराठीत आपण पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरतो. तरी शंका विचारता येते, संशय विचारता येत नाही. शंकासमाधान होते, ‘संशयसमाधान’ असा शब्दच भाषेने घडवला नाही. शंका बहुधा विषयाला चिकटलेली असते, संशय माणसाला. कीर्तनात, वर्गात, शास्त्रचर्चेत समोरच्याने शंका काढली तर तो अपमान मानला जात नाही. संशय मात्र व्यक्त झाला की नाते बिघडते, मग तो खरा ठरो वा खोटा. आम्ही पुढे जे सांगणार आहोत ते या दोन शब्दांमधल्या अंतराविषयी आहे.

डेबियन या प्रकल्पापासून सुरुवात करणे सोयीचे. १६ ऑगस्ट १९९३ रोजी इयन मर्डॉक या पर्ड्यू विद्यापीठातील विद्यार्थ्याने त्याची घोषणा केली. डेब्रा हे त्याच्या तेव्हाच्या मैत्रिणीचे नाव, तिचे आणि स्वतःचे नाव जोडून ‘डेबियन’. लिनक्सच्या गाभ्याभोवती लागणाऱ्या असंख्य आज्ञावल्या गोळा करायच्या, तपासायच्या, एकमेकींशी जुळवायच्या आणि त्यांचा संच सर्वांना खुला वाटायचा, असे हे काम. थोड्याच वर्षांत माणसे वाढली आणि नियमांची गरज भासू लागली. १९९७ मध्ये डेबियनने एक सामाजिक करार स्वीकारला. त्यात एक वचन असे आहे की आम्ही आमच्या अडचणी लपवणार नाही. दोषांची नोंदवही सर्वांना सदैव खुली राहील. १९९८ मध्ये प्रकल्पाची घटना आली. या घटनेत आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते तिने केलेले एक कबूल-करणे : कोणावरही काम करण्याचे बंधन नाही. मात्र झालेल्या निर्णयाविरुद्ध सक्रिय कारवाया करायच्या नाहीत.

हौशी नाट्यसंस्था किंवा ग्रंथालयाचे कार्यकारी मंडळ ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना या वाक्याचे मोल कळेल. कचेरीत मतभेद झाला तर बदली आहे, वेतनवाढ रोखणे आहे. स्वयंसेवकाला यांतले काहीच लागू पडत नाही. त्याला कामाला लावता येत नाही आणि कामावरून काढताही येत नाही. तो फक्त येतो किंवा येईनासा होतो. रुसणे हेच त्याचे एकमेव शस्त्र, आणि ते फार धारदार असते.

भांडणे झालीच. २००६ मध्ये पुढची आवृत्ती वेळेवर निघावी म्हणून बाहेरून पैसा उभा करून दोन आवृत्ती-व्यवस्थापकांना काही काळ मोबदला देण्याचा प्रयोग झाला. विनामूल्य राबणाऱ्यांपैकी अनेकांना तो झोंबला. प्रकल्पप्रमुखाला पदावरून दूर करण्याचा ठराव आला. तो फेटाळला गेला. आवृत्ती डिसेंबर २००६ मध्ये येणार होती ती एप्रिल २००७ मध्ये आली. २०१४ मध्ये याहून मोठा वाद झाला. यंत्र सुरू होताना सर्व कामांची जुळवाजुळव करणारी आज्ञावली कोणती असावी, हा प्रश्न. तांत्रिक समितीत समसमान मते पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टमडीची निवड झाली. वर्षअखेरीस याच वादावर सर्व सदस्यांचे मतदान घेण्यात आले, आणि त्यात विजयी ठरलेला पर्याय होता : ‘या विषयावर सर्वसाधारण ठरावाची गरज नाही.’ मतदान करून ‘मतदान नको होते’ असा कौल देणारी दुसरी संस्था आम्हांला ठाऊक नाही! काही जुने, कर्ते लोक या काळात समितीतून किंवा प्रकल्पातून बाहेर पडले. काहींनी डेव्हुआन नावाचा वेगळा फाटा काढला. खुल्या आज्ञावलीच्या जगात असा फाटा काढण्याचा अधिकार प्रत्येकाला असतो. तो वापरला न गेला तरी तो आहे या जाणिवेनेच कित्येक भांडणे आवरती राहतात, असे आमचे मत आहे.

भांडण मात्र परवडते. भांडणात दोन्ही पक्ष आपले नाव लावून उभे असतात. संशयाचे तसे नाही.

ज्याला कधी पाहिले नाही त्याच्या कामावर सही कशी करायची? डेबियनने यासाठी किल्ल्यांची पद्धत स्वीकारली. प्रत्येक सदस्याची एक अंकीय किल्ली असते. नव्या माणसाने जुन्या सदस्याला प्रत्यक्ष भेटायचे, ओळखपत्र दाखवायचे, आणि जुन्याने त्याच्या किल्लीवर आपली स्वाक्षरी करायची. संमेलनांत मोठ्या रांगा लावून हा समारंभ होतो. २००६ मध्ये मेक्सिकोतील ओआश्तेपेक येथे भरलेल्या संमेलनात एका सदस्याने रांगेत वेगळेच ओळखपत्र पुढे केले. ते कोणत्याही देशाच्या सरकारने दिलेले नव्हते. पुष्कळांनी ते पाहून स्वाक्षरी करून टाकली. नंतर त्यानेच ही गोष्ट जाहीर केली, तेव्हा संताप उसळला. त्याचे म्हणणे असे की मी फसवले नाही, तुम्ही पाहत नाही हे दाखवले. हा युक्तिवाद चतुर आहे, पण आम्हांला तो पुरता पटत नाही. लग्नघरात पाहुणे कोण आहेत हे कोणी तपासत नाही, म्हणून आगंतुकाने जेवून जाणे हे काही व्यवस्थेचे परीक्षण होत नाही. मात्र त्याने उघड केलेली गोष्ट खरी होती : ओळख पटली म्हणजे हेतू पटला असे होत नाही, आणि बहुतेकांना ओळखसुद्धा नीट पटवता येत नाही.

याआधी नोव्हेंबर २००३ मध्ये डेबियनच्या अनेक सर्व्हरांत कोणी शिरले होते. एका सदस्याचा चोरलेला पासवर्ड आणि लिनक्सच्या गाभ्यातला एक दोष एवढ्या भांडवलावर. प्रकल्पाने ते लगेच जाहीर केले आणि तपासाचा वृत्तांतही प्रसिद्ध केला. पासवर्ड कोणाचा, यापेक्षा दोष कोठे, यावर सारा भर राहिला. पारदर्शकतेचा हा आग्रह सर्वत्र तितकाच टिकला असे नाही. सदस्यांचा एक खाजगी पत्रव्यवहार चालतो. त्यातला मजकूर तीन वर्षांनी खुला करावा असा ठराव २००५ मध्ये संमत झाला; पण निवड-छाननीचे ते कंटाळवाणे काम करायला माणूसच मिळाला नाही, आणि २०१६ मध्ये ठराव मागे घ्यावा लागला. कोणावरही काम करण्याचे बंधन नाही, हे वाक्य असे अनपेक्षित ठिकाणी आडवे येते.

आता त्याच २००६ मधली एक घटना. ती आम्ही थोडी विस्ताराने सांगू. ओपनएसएसएल ही आज्ञावली गुप्त संदेशनासाठी वापरली जाते. तिच्यातल्या किल्ल्या यादृच्छिक असणे, म्हणजे कोणाला अंदाज करता न येणे, हा तिचा प्राण. डेबियनमध्ये ती सांभाळणाऱ्या स्वयंसेवकाला व्हॅलग्रिंड नावाचे दोषशोधक अवजार सारखी तक्रार करताना दिसले. दोन ओळींमुळे ही तक्रार उद्भवत होती. त्याने ओपनएसएसएलच्या लोकांना विचारले की या ओळी काढल्या तर चालेल का. दोष शोधायला मदत होणार असेल तर हरकत नाही, अशा अर्थाचे उत्तर आले. ओळी गेल्या, तक्रार थांबली. पण त्या ओळींतली एक यादृच्छिकतेचा झरा आत आणणारी होती. ती गेल्यावर उरला तो केवळ एक क्रमांक, ज्याला ३२,७६८ हून अधिक मूल्ये घेताच येत नव्हती. जवळजवळ दोन वर्षे डेबियनवर आणि तिच्यापासून निघालेल्या उबुंटूवर तयार झालेल्या किल्ल्या कोणालाही बसल्या बसल्या मोजून काढता येण्याजोग्या होत्या. लुसिआनो बेल्लो या डेबियनच्याच सदस्याला हे आढळले, आणि १३ मे २००८ रोजी ते जाहीर झाले.

एखाद्या कादंबरीकाराला हे सुचले असते तर त्याने या स्वयंसेवकाला नक्कीच हेर केले असते. एक ओळ काढायची आणि जगभरची कुलुपे उघडी. याहून सुबक घातपात कोणता? पण घडले होते ते इतकेच की एका प्रामाणिक माणसाने एक शंका विचारली होती, आणि तिला घाईने उत्तर मिळाले होते. हे आज ठामपणे म्हणता येते, कारण प्रश्न, उत्तर आणि बदल हे तिन्ही तारखेसह नोंदलेले होते. टीका झाली, टिंगलही झाली. पण त्याला बाहेर काढले गेले नाही. २००९ मध्ये तो डेबियनचा सचिव झाला, म्हणजे मतदान घेणारा आणि मते मोजणारा अधिकारी. २०१४ मध्ये तर तो ओपनएसएसएलच्या विकासकांतही सामील झाला. हा तपशील आम्हांला या साऱ्या इतिहासातला सर्वांत हृद्य वाटतो.

यापेक्षा अवघड पेच २०१० च्या डिसेंबरात ओपनबीएसडी या प्रकल्पासमोर उभा राहिला. त्याचा प्रमुख थिओ द राट याला एका जुन्या परिचिताचे पत्र आले. दहाएक वर्षांपूर्वी अमेरिकेच्या एफबीआयने काही विकासकांकरवी तुमच्या प्रणालीत चोरदरवाजे बसवून घेतले, असा त्यात आरोप होता आणि नावेही होती. द राटने ते पत्र जसेच्या तसे सर्वांसमोर ठेवले. या कटाचा भाग होण्याची आपली इच्छा नाही, ज्यांना तपासायचे त्यांनी तपासावे आणि ज्यांच्यावर आरोप आहे त्यांनी आपला बचाव करावा, अशी त्याची भूमिका. लोकांनी जुनी आज्ञावली ओळ न् ओळ चाळली. काही लहानसहान दोष सापडले. चोरदरवाजाचा पुरावा सापडला नाही. द राटचे योग्य झाले का? येथे आमच्यातही एकमत नाही. पत्र दडवले असते तर ते कधीतरी फुटले असते आणि मग दडवणाराच संशयित ठरला असता. पण ज्यांची नावे त्यात होती त्यांना विनाकारण चव्हाट्यावर यावे लागले. शंका खुली करावी, नावे झाकावी, हा मधला मार्ग सुचतो खरा. पण नावे झाकली की आंतरजालावर तर्ककुतर्कांना ऊत येतो आणि न घेतलेल्या नावांचीही बदनामी होते.

या पार्श्वभूमीवर एक्सझेडकडे परत येऊ. ही आज्ञावली लासे कॉलिन या फिनलंडमधल्या माणसाने कित्येक वर्षे जवळजवळ एकट्याने, फुकट सांभाळली होती. २०२१ च्या अखेरीस ‘जिया टॅन’ या नावाने कोणीतरी दुरुस्त्या पाठवू लागले. दुरुस्त्या चांगल्या होत्या. २०२२ मध्ये आणखी काही नावे अवतरली आणि त्यांनी तक्रारींचा सूर लावला : काम फार संथ चालले आहे, दुरुस्त्या पडून राहतात, सांभाळणाऱ्याला रस उरलेला दिसत नाही, मग दुसऱ्याकडे का सोपवत नाही? त्या जूनमध्ये कॉलिनने उत्तर दिले की रस गेलेला नाही. मानसिक प्रकृतीच्या दीर्घकाळच्या अडचणींमुळे शक्ती मर्यादित आहे. शिवाय हा विनावेतन छंद आहे, हेही ध्यानात ठेवावे. त्यावर प्रत्युत्तर आले ते सहानुभूतीच्या भाषेत. प्रकृतीबद्दल वाईट वाटते, पण आपली मर्यादा ओळखावी, समाजाची गरज मोठी आहे. यथावकाश जिया टॅनला अधिकार मिळत गेले आणि २०२३ पासून त्याच्या हातून आवृत्त्या निघू लागल्या. तक्रार करणारी ती नावे नंतर दिसेनाशी झाली.

हा पत्रव्यवहार आम्ही पुन्हा पुन्हा वाचला. त्यात शिवी नाही, धमकी नाही. सुटे सुटे पाहिले तर प्रत्येक वाक्य स्वयंसेवी संस्थेच्या कोणत्याही बैठकीत आपण ऐकलेले, कदाचित बोललेलेही आहे. केसाने गळा कापणे म्हणतात ते हेच. आणि आयत्या बिळावर आलेल्या या नागोबाने बिळाची दोन वर्षे मनोभावे डागडुजीही केली!

तक्रारखोरांतले एक नाव ‘जिगर कुमार’ असे होते. आपल्याकडच्या वाचकाला ते क्षणभर ओळखीचे वाटते, आणि तेथेच सापळा आहे. नावावरून संशय घ्यायचा तर तो सुरतेपासून शांघायपर्यंत हव्या त्या दिशेने धावला असता, आणि ही नावे लावणाऱ्यांना बहुधा तेच हवे असावे. त्यांच्यामागे कोण होते हे अद्याप सिद्ध झालेले नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला या कटात आणखी एक गोष्ट दिसेल. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी तीत आपली ओवी घालू नये असे बजावले, हे आपण वर्गात शिकवतो. प्रक्षेप ओळखायचा तर प्रत प्रतीशी ताडून पाहावी लागते. एक्सझेडमध्ये जे झाले तो शुद्ध प्रक्षेप होता. सर्वांना वाचता येणारी मूळ संहिता एकीकडे, आणि वितरणासाठी बांधलेली प्रत दुसरीकडे. विषाची पहिली कडी फक्त या दुसऱ्या प्रतीत, बांधणीच्या एका रटाळ फायलीत होती. उरलेला भाग चाचणीच्या नमुन्यांत दडवलेला होता. ते नमुने मुद्दाम बिघडवलेले असणेच अपेक्षित असते, त्यामुळे ते कोणी वाचत नाही. संहिता खुली होती. ती प्रतीशी ताडून पाहणारा पाठचिकित्सक नव्हता.

फ्रॉइंडला सुगावा लागला तो केवळ त्या अर्ध्या सेकंदाने नव्हे. काही आठवड्यांपूर्वी व्हॅलग्रिंडने एक तक्रार केली होती, ती त्याच्या स्मरणात होती. तेच अवजार, ज्याची तक्रार २००६ मध्ये शांत करण्यात आली होती. येथेही ती शांत करण्याचा प्रयत्न झाला होता : फेब्रुवारीत निघालेल्या ५.६.० मुळे या तक्रारी येऊ लागल्या, तेव्हा मार्चमध्ये ५.६.१ काढून त्या मिटवल्या गेल्या, आणि खापर दुसऱ्याच एका अवजारावर फोडले गेले. प्रामाणिक माणसाने जे केले तेच कपटी माणसाने केले, आणि बाहेरून दोन्ही कृती सारख्याच दिसत होत्या. फ्रॉइंडने जिया टॅन कोण याचा शोध घेतला नव्हता. हे यंत्र इतका वेळ का घेते, एवढीच त्याची शंका होती.

चोरदरवाजा सापडल्यानंतरचे वातावरण निकोप राहिले नाही, हे स्वाभाविक होते. टोपणनावाने काम करणारे, नुकतेच आलेले, फार उत्साही असलेले, असे सगळेच काही काळ निरखून पाहिले जाऊ लागले. याचा एक वस्तुपाठ आधी मिळालेला होता. २०२१ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या काही संशोधकांनी लिनक्सच्या गाभ्यासाठी मुद्दाम सदोष दुरुस्त्या पाठवून परीक्षणाची परीक्षा घेतल्याचे प्रकरण गाजले, तेव्हा त्या विद्यापीठातून वर्षानुवर्षे आलेले सारेच काम संशयाखाली आले होते. ते सगळे पुन्हा तपासण्यात आले आणि बहुतांश निर्दोष निघाले. तपासले गेले म्हणून निर्दोष निघाले, अन्यथा संन्यासी सुळावर गेलाच होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये मात्र लिनक्सच्या व्यवस्थापक-यादीतून सुमारे डझनभर रशियन नावे काढण्यात आली तेव्हा प्रथम कारण म्हणून ‘काही कायदेशीर पूर्तता’ एवढेच सांगितले गेले. निर्बंध घातलेल्या कंपन्यांशी संबंध हा निकष पुढे स्पष्ट झाला. पण मधल्या दिवसांत जी कटुता पसरली ती कारण न सांगितल्याची होती. निर्बंध पाळणे त्यांना टाळता आले नसेल. पण कारण पहिल्याच दिवशी सांगणे त्यांच्या हातात होते.

लासे कॉलिन परतला. ज्याच्यावर विश्वास टाकला त्यानेच घात केला होता, आणि जगातले बातमीदार दारात उभे होते. त्याने नव्या मजकुरातून चोरदरवाजा काढून टाकला, आणि २९ मे २०२४ रोजी ५.६.२ ही आवृत्ती प्रसिद्ध केली. जिया टॅनच्या हातचे सगळेच फेकून दिले गेले नाही; जे उपयोगी आणि निर्दोष होते ते राहिले. रिस्क-फाइव्ह या जातीच्या यंत्रांसाठी लिहिलेला भाग त्यांपैकी एक. त्या फाईलच्या माथ्यावर लेखक म्हणून दोन नावे आहेत : लासे कॉलिन, जिया टॅन.